बस्ता बेताचा, थाट मनाजोगा

तुळशीचे लग्न लागले, की महाराष्ट्रात लग्नसराईचे वेध लागतात आणि कापडबाजारात बस्त्याची गर्दी सुरू होते. कार्यालयाचे भाडे, जेवणाच्या ताटाचा दर, मंडपाचा खर्च या गोष्टी आधी विचारून वहीत मांडता येतात. कपड्यांचे तसे नसते. दुकानाची पायरी चढताना मनात एक आकडा असतो आणि गाठोडे घेऊन उतरताना बिलावर दुसराच असतो. हा फरक सहसा वधूच्या हौसेमुळे पडतो, असे घरोघरी बोलले जाते. प्रत्यक्षात तो दोन कारणांनी पडतो. साड्यांची संख्या आधी ठरलेली नसते, हे पहिले कारण. आणि आपण जे कापड घेत आहोत ते नेमके काय आहे, हे ठाऊक नसते, हे दुसरे. या दोन गोष्टींची तजवीज केली, तर बेताच्या पैशांतही मुलीच्या अंगावर मनाजोगी साडी येऊ शकते. त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

आधी यादी, मग दुकान

विवाहविधीत वधूला किती वस्त्रे लागतात, हे घराघरांत आणि समाजासमाजांत निराळे असते. काही घरांत गौरीहर पूजताना मामाकडची पिवळी अष्टपुत्री लागते, काही घरांत हळदीची साडी वेगळी असते. मुख्य विधीला शालू किंवा पैठणी, साखरपुड्याला एक आणि स्वागत समारंभाला आणखी एक साडी, अशी यादी वाढत जाते. म्हणून प्रथम घरातील जाणत्या स्त्रियांना विचारून दोन रकाने करावेत. विधीला खरोखर आवश्यक असलेली वस्त्रे एका रकान्यात लिहावीत आणि केवळ हौसेची दुसऱ्यात. रीतीची वस्त्रे बहुधा साधी व सुती असतात. त्यांवर फारसा खर्च होत नाही. पैसे जातात ते दुसऱ्या रकान्यावर आणि त्याहून अधिक मानपानाच्या साड्यांवर.

एक उदाहरण घेऊ. समजा, वधूच्या स्वतःच्या कपड्यांसाठी ५०,००० रुपये ठरले आहेत. त्यांपैकी २२,००० मुख्य साडीसाठी, ९,००० स्वागत समारंभाच्या साडीसाठी, ३,००० अष्टपुत्री व हळदीच्या सुती साड्यांसाठी आणि ५,००० लग्नानंतर नेसावयाच्या दोन साध्या साड्यांसाठी ठेवावेत. ब्लाउजची शिलाई, फॉल-पिको, परकर यांसाठी ६,००० बाजूला काढावेत. हा खर्च हमखास विसरला जातो. उरलेले ५,००० हाताशी राहू द्यावेत. नक्षीकाम केलेल्या ब्लाउजची शिलाई कधी कधी साडीच्या निम्म्या किमतीवर जाते. तेव्हा सोनेरी किंवा लाल अशा रंगाचे एकच भरजरी ब्लाउज दोन साड्यांवर चालेल असे शिवून घेणे शहाणपणाचे. शिवणीत आत थोडे कापड सोडायला सांगितले, तर ते पुढेही अनेक वर्षे कामास येते.

मानपानाचा हिशेब

आता मानाच्या साड्या. तीस नातलग स्त्रियांना प्रत्येकी १,२०० रुपयांची साडी द्यायची म्हटले, तर ३६,००० रुपये होतात. अशा साड्यांचे पुढे काय होते, हे प्रत्येक घरातील कपाट सांगेल. त्या घडी न मोडता पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला दिल्या जातात. याउलट अगदी निकटच्या बारा जणींना प्रत्येकी २,००० रुपयांची नेसण्याजोगी साडी दिली, तर २४,००० होतात. बारा हजार वाचतात आणि साडी खरोखर नेसली जाते. इतरांना ब्लाउजपीस व नारळ देऊन ओटी भरली, तरी मान राखला जातो. मात्र हा निर्णय दोन्ही घरांनी एकत्र बसून, बस्त्याच्या आधी घ्यायला हवा. दुकानात सर्वांसमोर आकडा कमी करणे कुणालाच जमत नाही.

मानपान हा प्रेमाचा भाग असेल तोवर ठीक. त्याची मागणी होऊ लागली, तर तिथे कायदा येतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात मागणीविना, रूढीनुसार आणि देणाऱ्याच्या ऐपतीला साजेशा दिलेल्या भेटवस्तूंना सूट आहे. मात्र १९८५ च्या नियमांनुसार अशा वस्तूंची यादी करून ठेवणे अपेक्षित आहे. 'इतक्या साड्या, अमुक दर्जाच्याच हव्यात' अशी अट घालणे या सवलतीत बसत नाही. लग्नातील खर्चाविरुद्ध बोलणे महाराष्ट्राला नवे नाही. १८७३ मध्ये पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी कमी खर्चातील, साध्या पद्धतीच्या विवाहांचा पायंडाही पडला.

नाव आणि वस्तू

साड्यांच्या बाजारात नाव एक आणि वस्तू दुसरी असे फार आढळते. 'आर्ट सिल्क' हे त्याचे ठळक उदाहरण. यातील 'आर्ट' म्हणजे कला नव्हे. ते कृत्रिम या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे. असे कापड दिसायला रेशमासारखे असले, तरी धागा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टरचा असतो. 'सेमी' या उपपदाचा अर्थही दुकानागणिक बदलतो. कुठे त्यात सूत व रेशीम यांचे मिश्रण असते, तर कुठे रेशमाचा धागाच नसतो.

रेशीम ओळखण्याची जुनी रीत म्हणजे धागा जाळून पाहणे. विक्रेत्याच्या परवानगीने पदराच्या टोकाचे एक-दोन धागे काढून ज्योतीवर धरावेत. खरे रेशीम सावकाश जळते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गुठळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसू शकतात. तेव्हा उभ्या व आडव्या अशा दोन्ही धाग्यांची परीक्षा वेगवेगळी करावी.

जरीचे तीन प्रकार आहेत. अस्सल जरीत रेशमी किंवा सुती धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तार तांब्याची असते आणि तिच्यावर चांदी-सोन्याचा पातळ थर चढवलेला असतो. ती खरवडली, की आतून तांबूस रंग डोकावतो. तिसरा प्रकार म्हणजे धातूचा थर दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. ती हलकी असते, काळी पडत नाही आणि स्वस्त असते. बेताच्या खर्चात दुसरा किंवा तिसरा प्रकार घेण्यात काहीच गैर नाही. मात्र पैसे त्याच प्रकाराचे मोजावेत.

पैठणी : हातमागाची की यंत्रमागाची?

मराठी वधूच्या मनात पैठणीची जागा मोठी. त्यामुळे फसवणुकीची शक्यताही येथेच अधिक. पैठण आणि नाशिक जिल्ह्यातील येवले ही या वस्त्राची प्रमुख केंद्रे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट, कमळ, आसावली वेल ही नक्षी नंतर भरलेली नसते. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर घेऊन, शेजारच्या रंगात गुंतवत, विणकर ती मागावरच विणतो. त्यामुळे पदर उलटा केला, तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूने लोंबणारे किंवा कातरलेले धागे दिसतात. हातमागावरही जॅकार्ड बसवून नक्षी काढली जाते. तिच्याही पाठीमागे सुटे धागे येऊ शकतात. म्हणून केवळ या खुणेवर निकाल न देता विक्रेत्याला विणीचा प्रकार स्पष्ट विचारावा.

याहून सोपी कसोटी हिशेबाची आहे. हातमागाची पैठणी विणायला नक्षीनुसार काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. दोन कुशल हात महिनाभर राबल्यावर तयार होणाऱ्या वस्तूच्या किमतीत शुद्ध रेशमाचा दर, जरीचा दर आणि महिन्याची मजुरी असणारच. मग ती तीन-चार हजारांत कशी मिळेल? मिळत असेल, तर ती यंत्रमागाची आहे किंवा रेशमाची नाही. अथवा तिच्यामागील मजुरी कुणीतरी बुडवली आहे. नकली वस्तू अस्सल म्हणून खपते, तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि विणकराच्या तोंडचा घासही जातो.

यावरून यंत्रमागाच्या पैठणीला नाक मुरडण्याचे कारण नाही. ती तिच्या किमतीत घेतली, तर उत्तम वस्तू आहे. अनेक मुली तीच नेसून बोहल्यावर उभ्या राहतात आणि सुरेख दिसतात. पैठणी हातमागाचीच हवी आणि पैसे मर्यादित असतील, तर भरगच्च पदराऐवजी साधा नारळी काठ व विरळ बुट्टी असलेली निवडावी. पदराची नक्षी जितकी दाट, तितके विणायचे दिवस अधिक. किमतीतील मोठा फरक तेथेच असतो.

येवल्याला जाऊन थेट खरेदी करण्याची पद्धतही रूढ आहे. शिर्डीच्या दर्शनाला जोडून अनेकजण ती करतात. मात्र तेथेही यंत्रमागाचा माल विकला जातो. केवळ गावाच्या नावावर विसंबू नये. माग पाहता आला, तर जरूर पाहावा. गाडी करून आठजणांनी जायचे असेल, तर भाडे व जेवणखाण धरून बचत किती उरते, याचाही हिशेब करावा. मागावर साडी घालून घ्यायची असेल, तर काही महिने आधी सांगावे लागते.

तीन चिन्हे, तीन अर्थ

दुकानात दाखवल्या जाणाऱ्या चिन्हांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले 'सिल्क मार्क' रेशमाच्या शुद्धतेविषयी सांगते. साडी हातमागावर विणली आहे की नाही, जर कोणती आहे, हे ते सांगत नाही. २००६ मध्ये आलेले 'हँडलूम मार्क' वस्त्र हातमागाचे असल्याचे सांगते. त्यातील धागा रेशमाचा असेलच असे नाही. भौगोलिक निर्देशांक वस्तूचा संबंध विशिष्ट प्रदेशाशी व तेथील पद्धतीशी जोडतो. म्हणून सिल्क मार्क लावलेली यंत्रमागाची साडी ही खोटी नव्हे. तिला हातमागाची म्हणून विकणे मात्र खोटे.

बिलावर काय लिहून घ्यावे?

सर्वांत स्वस्त विमा म्हणजे पक्के बिल. त्यावर नुसते 'साडी १' असे न लिहिता 'शुद्ध रेशीम, हातमाग, अमुक प्रकारची जर' असे वर्णन लिहून घ्यावे. तोंडी दिलेली खात्री खरी असेल, तर विक्रेता ती लिहून द्यायला कचरणार नाही. कचरला, तर त्यातच उत्तर मिळाले.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अनेक दुकानांत दिसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर तीस दिवसांत हा हक्क बजावता येतो. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. हा हक्क दोष असलेल्या मालापुरता आहे, केवळ रंग आवडेनासा झाला म्हणून तो वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही.

कराचाही विचार करावा. न शिवलेल्या साडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. तयार शिवलेल्या कपड्यांबाबत २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर लागतो. तयार घागरा किंवा शेरवानी पसंत करताना सांगितलेल्या किमतीत कर धरला आहे की वेगळा, हे आधी विचारावे. वीस हजारांच्या शेरवानीवर हा कर ३,६०० रुपये होतो.

केव्हा आणि कसे जावे?

मुहूर्त जवळ आले, की दुकानदाराला सवलत देण्याची गरज उरत नाही. चातुर्मासात लग्ने नसतात. पावसाळ्याच्या त्या दिवसांत अनेक दुकाने सवलती जाहीर करतात. पितृपक्षात बहुतेकजण खरेदी टाळतात. ज्यांना त्याचे वावडे नाही, त्यांना त्या पंधरवड्यात निवांतपणे माल पाहता येतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, मुंबईतील दादर व मंगळदास मार्केट, नागपूरची इतवारी अशा मोठ्या बाजारांत पहिल्या फेरीत फक्त पाहावे, भाव टिपून घ्यावेत आणि दुसऱ्या फेरीत खरेदी करावी. पहिल्या दिवशी पाकीट घरी ठेवून जाणे ही युक्ती हास्यास्पद वाटेल, पण ती उपयोगी पडते.

सोबत फार माणसे नेऊ नयेत. वधू, तिची आई किंवा मावशी आणि सासरकडची एक जाणती स्त्री एवढ्या पुरेत. साडी नेसणारीने खर्चाची कमाल मर्यादा विक्रेत्याला सुरुवातीलाच सांगावी. त्यापुढील साड्या 'नुसत्या पाहा' म्हणून उलगडल्या, की खालच्या साड्या डोळ्यांतून उतरतात. रंग दिव्याखाली न ठरवता दारापाशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. पन्हा व लांबी मोजून घ्यावी. सहावारी सुमारे साडेपाच मीटर असते, तर नऊवारीला आठ मीटरांहून अधिक कापड लागते. सहावारी घेऊन ती नऊवारी पद्धतीने नेसण्याचा बेत मागाहून फसतो.

विणीत किरकोळ दोष राहिलेली साडी कमी भावात मिळू शकते. दोष निऱ्यांत किंवा कमरेशी दडणारा असेल, तर अशी साडी जरूर घ्यावी. पदरावर असेल, तर घेऊ नये. दोष सांगून विकलेल्या साडीबद्दल पुढे त्याच दोषाची तक्रार करता येणार नाही.

कपाटातील ठेवा आणि भाड्याचा पर्याय

खरेदीला निघण्यापूर्वी घरातील ट्रंका उघडाव्यात. आजीचा शालू, आईची पैठणी यांत पुष्कळदा आजच्या बाजारात परवडणार नाही असे रेशीम आणि जर असते. घडीवर विरलेली साडी रफू करून एका समारंभापुरती नेसता येते. अंग विरले असेल आणि काठ-पदर शाबूत असतील, तर ते नव्या रेशमी कापडावर बसवून घेता येतात. जुनी जरीची साडी फेरीवाल्याला वजनावर देण्यापूर्वी मात्र दहादा विचार करावा.

वराच्या बाबतीत भाड्याची शेरवानी हा सरळ मार्ग आहे, कारण ती पुन्हा क्वचितच अंगावर चढते. शिवलेली नऊवारीही शहरांत भाड्याने मिळते. अनामत रक्कम, परतीची तारीख आणि डाग पडल्यास आकारणी या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. वस्त्र आधी अंगावर घालून पाहावे. धोतर, कुडता व उपरणे असा वेश तर खर्चातही हलका आणि पुढच्या प्रत्येक सणाला उपयोगी.

साडी घरी आल्यावर

लग्नात साडीवर अक्षता, हळद, कुंकू, अत्तर सारेच पडते. समारंभ आटोपताच ती वाऱ्यावर टाकून, डाग असल्यास जाणकाराकडे धुण्यास द्यावी. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी, अधूनमधून घडी बदलावी. अत्तर थेट जरीवर लावू नये. नीट जपलेली साडी पुढच्या पिढीच्या लग्नात पुन्हा नेसता येते. तेव्हा तिच्यावर केलेला खर्च दोघींमध्ये वाटला जातो.

२६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादला इंदिरा नेहरू यांचा विवाह झाला. त्या दिवशी त्यांनी नेसलेली साडी जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. ऐपत नव्हती म्हणून ती खादी नेसली गेली, असे कुणी म्हणणार नाही. ती साडी कुठून आली हे ठाऊक होते आणि ते सांगताना संकोच नव्हता, यात तिचे मोल होते. आपल्या घरातील मुलीची साडी यंत्रमागाची असो, हातमागाची असो वा आजीच्या ट्रंकेतली असो, ती काय आहे हे माहीत असावे आणि तिची किंमत चुकती झालेली असावी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिचे हप्ते फेडावे लागत नसतील, तर बस्ता बरोबर बांधला असे समजावे.